उतरलेल्या यंत्रांची वहिवाट

भिवंडीचा नदीनाका मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागले की शेलार लागते. जनगणनेच्या लेखी हे नगर, कारभाराच्या लेखी ग्रामपंचायत, आणि कानांच्या लेखी मात्र ते सर्वस्वी यंत्रमागांचे गाव. कारण पत्र्याच्या छपराखाली बारा-बारा तासांच्या पाळीने चालणाऱ्या मागांचा खडखडाट येथे, वीज असेतोवर, रात्रीही थांबत नाही. अशा गावाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याने किल्ले आणि लढाया धुंडाळीत हिंडू नये. येथील इतिहास हत्यारांचा आहे: ती कोठून आली, कोणत्या अवस्थेत आली, येताना त्यांच्यातले काय गळून पडले, आणि जे गळाले त्याची भरपाई येथील माणसाने आपल्या डोळ्यांनी, कानांनी आणि मजुरीतून कशी केली. हाच प्रश्न, माग सोडून, संगणकाच्या आज्ञावली ज्या साधनांत लिहिल्या जातात त्या साधनांनाही विचारता येतो. आणि या पट्ट्यातील कारागिराचा मुलगा जेव्हा भिवंडी, कल्याण किंवा ठाणे येथील महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत जाऊन बसला, तेव्हा त्याच्यापुढे आलेल्या साधनाची कुळकथा त्याच्या वडिलांपुढील यंत्राच्या कुळकथेहून फारशी निराळी नव्हती, असे आमचे मत आहे.

भिवंडीस विणकामाची परंपरा जुनी. १८५७ च्या धामधुमीनंतर आझमगड, मऊ, बनारस या भागांतून दक्षिणेकडे निघालेले मोमीन विणकर मालेगाव, धुळे, भिवंडी येथे स्थिरावले. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले. आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास हातमागांच्या शेजारी विजेवर चालणारे माग दिसू लागले. हे माग नवे कोरे असत असे मात्र नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतील साचा खात्यात ज्यांची उमेद सरली, ज्यांच्या जागी नवी यंत्रे आणावयाचे मालकांनी ठरविले, असे माग मोडीच्या भावाने बाहेर पडत. ते भिवंडीचा कारखानदार उचली, त्यांवर स्थानिक ओतकामाचे सुटे भाग चढवी आणि जेथे त्यांचे आयुष्य संपले असे गिरणीने ठरविले होते तेथून पुढे त्यांची दुसरी कारकीर्द सुरू करी. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगी यावा तसा हा प्रकार होता, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. स्वातंत्र्यानंतर सरकारने गिरण्यांच्या मागवाढीवर निर्बंध घातले व लहान कारखान्यांना उत्पादनशुल्कात सवलती दिल्या, तेव्हा तर या व्यवहाराला राजमान्यताच लाभली. अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील यंत्रमाग चौकशी समितीने १९६४ मध्ये आपला अहवाल दिला, तोवर हा धंदा गिरण्यांचा प्रतिस्पर्धी म्हणून सरकारदरबारी रुजू झालेला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो संप पुकारला, त्याच्या काळात गिरण्यांचे काम भिवंडीकडे वळले ते वळलेच. आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तसे त्यांच्या पाठोपाठ त्यांचे मागही निघाले.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रपंच मांडला ती सांगतो. साध्या मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तर माग थांबतो. तशी खबर घेणारा एक लहानसा काटा लँकेशायरी बनावटीच्या मागाला पहिल्यापासून असतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर मात्र साधा माग थांबत नाही. तो तसाच चालत राहतो, धोटा इकडून तिकडे फेकला जात राहतो, आणि त्या एका तुटलेल्या धाग्याची रेघ कापडावर हातभर, दोन हात, कारागिराची नजर जाईपर्यंत उमटत राहते. यावर उपाय माणसाला सुचलाच नव्हता असे नाही. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लोंबती ठेवावी, धागा तुटताच ती खाली पडावी आणि तिच्या पडण्याने मागाची गती तोडली जावी, ही योजना अमेरिकेत ड्रेपर कंपनीने १८९० च्या दशकात बाजारात आणलेल्या नॉर्थ्रॉप मागावर होती. जपानात साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागावर ती अधिक परिपूर्ण अवस्थेत होती. आणि ज्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांना परिचित होती, त्याच प्लॅट ब्रदर्सनी १९२९ मध्ये तोयोदांच्या मागाचे हक्क विकत घेतले. म्हणजे भिवंडीत वीजमागांची वस्ती वाढू लागली तेव्हा चूक होताच आपण होऊन थांबणारा माग जगात अस्तित्वात येऊन एक पिढी लोटली होती. भिवंडीस आला तो न थांबणारा माग.

हे थांबणे न आल्यामुळे काय झाले? एका कारागिराकडे चार, सहा, कधी आठ माग, मजुरी मीटरावर, कापडात दोष निघाला तर कपात. यंत्राने जी राखण करावयाची ती माणसाच्या माथी आली, आणि ती चुकली तर दंडही त्याच्याच माथी. मागांच्या रांगेतून सतत येरझारा घालणारा, नजर एका ताण्यावर आणि कान दुसऱ्या मागाकडे ठेवणारा कारागीर, आणि नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचे काय बिनसले हे सांगणारा जॉबर, हे दोघे त्या गळालेल्या पट्ट्यांचे जिवंत बदली कामगार होत. जॉबराच्या या विद्येचे पुष्कळ कौतुक होते आणि ते व्हावेही; परंतु ती विद्या कोठे लिहिलेली नाही, मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू यांच्या खिचडीतून ती तोंडी चालत आली, आणि ती मुळात आवश्यक का झाली याचा जाब कोणी कोणास विचारला नाही.

माग आणि संगणक यांचे नाते सांगताना लेखक मंडळी लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डपाशी हटकून थांबतात. १८०४ च्या सुमारास त्याने छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणविली, त्यावरून चार्ल्स बॅबेजला आपल्या विश्लेषक यंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना घेता आली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन होलेरिथने त्याच जातीच्या पुठ्ठ्यांवर माणसे मोजली. हे सर्व खरे आहे, पण भिवंडीच्या बहुसंख्य मागांवर नक्षी नव्हे, साधे ग्रे, म्हणजे कोरे, कापड निघते, त्यामुळे या वंशावळीचा अभिमान येथे मिरवण्यात फारसा अर्थ नाही. आम्हांस जे नाते दिसते ते वेगळे आणि कमी शोभिवंत आहे.

संगणकाची गोष्ट मुंबईत तरी मोठ्या स्वाभिमानाने सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी आधी एक प्रायोगिक यंत्र आणि मग पूर्ण आकाराचा संगणक स्वतः बांधला. तो १९६० मध्ये रीतसर चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. यावर काम करणाऱ्यास प्रारंभी शून्य आणि एक यांच्याच भाषेत आज्ञा लिहाव्या लागत. यंत्र अडले तर दोष आज्ञावलीचा की नळीचा, हा पहिला तंटा. पण तो तोडावयास यंत्र बांधणारे हात त्याच इमारतीत हजर होते, ही गोष्ट विसरता कामा नये. बिघाड होता, परंतु त्या बिघाडाला धनी होता.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि देशभरच्या शास्त्रज्ञांचे पुठ्ठ्यांचे गठ्ठे तेथे येऊ लागले. गठ्ठा खिडकीत द्यावयाचा, आपली पाळी येईतो थांबावयाचे, आणि मग कळावयाचे की एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला. त्या पिढीतील लोक या प्रतीक्षेविषयी आज हसून बोलतात. तीच प्रतीक्षा त्यांना कागदावर विचार करावयास शिकवी, हेही ते सांगतात. आम्हांस या दुसऱ्या विधानाविषयी शंका आहे, कारण माणूस ज्या गैरसोयीतून तरून जातो तिला पुढे गुरू म्हणू लागतो, ही त्याची जुनी खोड आहे.

त्याच सुमारास गिरणी-मागांचा व्यवहार संगणकांतही सुरू झालेला होता. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले, आणि तिकडे त्याचे दिवस भरत आले तेव्हा तिकडून उतरलेली यंत्रे डागडुजी करून भारतात भाड्याने दिली जाऊ लागली. संसदेच्या लोकलेखा समितीने सत्तरच्या दशकात या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. पुढे विदेशी भांडवलाच्या मर्यादेचा प्रश्न निघाला आणि कंपनीने १९७८ मध्ये भारतातील आपला कारभार आवरता घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी महामंडळाकडे आली. दुसऱ्याने बांधलेले, दुसऱ्याने वापरून सोडलेले यंत्र चालते ठेवणे हे ज्याचे नेमून दिलेले काम, असे एक महामंडळच निघावे, हा आपल्या औद्योगिक इतिहासातला मोठा बोलका दाखला आहे. जॉबरला सरकारी हुद्दा मिळाला तो येथे.

तथापि सामान्य घरातल्या मुलाशी संगणकाची गाठ पडली ती याच्याही नंतर, आणि ती एका निळ्या पडद्यावर पडली. बोर्लंड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल हे आज्ञावली लिहिण्याचे साधन काढले. आंदर्स हायल्सबर्ग या डॅनिश तरुणाने त्याचा गाभा रचला होता, किंमत पन्नास डॉलरांच्या आत होती, आणि लिहिण्याची पाटी, आज्ञावलीचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा दुभाषी व चुका दाखविणारा तपासनीस या तिघांना त्याने एकाच छपराखाली आणून बसविले होते. त्याआधी या तीन दारी तीन वेगवेगळे हेलपाटे घालावे लागत. १९८७ मध्ये सी भाषेसाठी टर्बो सी आले आणि १९९० ते १९९२ या काळात टर्बो सी प्लस प्लस. इतिहासकाराने न्याय करावयाचा तर म्हटले पाहिजे की आपल्या काळी ही साधने अप्रतिम होती: लहानशा यंत्रात मावत, क्षणात भाषांतर करीत, आणि एखाद्या शब्दावर कर्सर ठेवून दोन कळा दाबल्या की त्याचा अर्थ उदाहरणासह पुढे मांडीत. एवढे सौजन्य आजच्या कित्येक अवजड साधनांत नाही.

मुद्दा असा की टर्बो सीचे हे साधन आपल्याकडे आले आणि थांबले. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर त्याच्या नकला झाल्या, प्रयोगशाळेच्या जुन्या यंत्रांवर ते विनातक्रार चाले, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक घरोघर पोहोचले त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या याच साधनाला धरून होत्या, बारावीच्या संगणकशास्त्र विषयापासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापर्यंत प्रात्यक्षिकाच्या वह्या त्याच निळ्या पडद्याच्या छापांनी भरल्या. आणि एकदा वही, पुस्तक, प्रश्नपत्रिका आणि परीक्षक या चौघांची मोट बांधली गेली म्हणजे ती सोडविण्याची कुवत कोणत्याही फर्मानात उरत नाही. १९९८ मध्ये सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक निघाले, तिची शीर्षपत्रे बदलली, लिहिण्याची रीत बदलली; आपल्या वह्यांत 'व्हॉइड मेन', 'क्लिअर स्क्रीन' आणि शेवटी पडदा पळून जाऊ नये म्हणून एका कळीची वाट पाहणारी ती ओळ, ही वहिवाट निर्वेध चालू राहिली. २००८ मध्ये बोर्लंडने आपला हा विभागच एंबार्काडेरो कंपनीला विकून टाकला. आमच्या प्रयोगशाळांना त्याची वार्ताही नव्हती.

आणि येथे मागाची ती न पडणारी पट्टी पुन्हा आठवते. एका आज्ञावलीची चूक दुसरीच्या क्षेत्रात शिरू नये, शिरू लागली तर यंत्राने तिथल्या तिथे तिला अडवावे, ही तजवीज मोठ्या संगणकांत साठच्या दशकातच होती; मँचेस्टरचे विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी बांधून १९६२ मध्ये चालू केलेला ॲटलस आणि १९६४ चा आयबीएम ३६० ही त्याची ठळक उदाहरणे. (भिवंडीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे, की मँचेस्टर कापड सोडून कशाकडे वळले.) इंटेलच्या १९८२ च्या २८६ प्रक्रियकातही ती सोय होती. पण या यंत्रांवरील डॉस ही कार्यप्रणाली ज्या रीतीने चाले तीत ती वापरलीच जात नसे. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचा निर्देशक (पॉइंटर) स्मृतीतील भलत्या पत्त्यावर गेला तर साधन त्यास अडवीत नसे. तो वाटेल तेथे लिही, आणि बहुधा सगळे यंत्रच गोठे. कळफलक मुका, माऊस जागच्या जागी, आणि विजेचे बटण हाच एक उपाय. आज्ञावली साठविली नसेल तर तासाभराचे लेखन गेले. 'चालवण्याआधी एफ-टू दाब' हा आज्ञावली साठविण्याचा जो उपदेश प्रत्येक प्रयोगशाळेत थोरल्या मुलांकडून धाकट्यांना मिळे, तो जॉबरच्या विद्येचाच वारस होय.

याहून वाईट ते दोष, ज्यांत यंत्र गोठतही नसे. क्रमगुणिताची आज्ञावली प्रत्येक विद्यार्थ्याने लिहिलेली असते. सातपर्यंत उत्तर ठीक येई, ५०४०. आठचे उत्तर ४०,३२० यावयाचे, ते या साधनात साध्या पूर्णांकात −२५,२१६ असे येई. कारण येथील पूर्णांक सोळा बिटांचा, त्याची धाव ३२,७६७ पर्यंत, आणि ती ओलांडताच आकडा मुकाट्याने दुसऱ्या टोकाला जाऊन पडे. सूचना नाही, थांबणे नाही. तुटलेल्या ताण्याची रेघ कापडावर उमटत जावी तशी ही ऋण संख्या पुढच्या सगळ्या हिशेबात उतरत जाई. भाषेचा हा स्वभावच आहे असे जाणते म्हणतील आणि ते बरोबरच आहे. भाषेने हा मुद्दा लिहिणाऱ्यावर सोडला आहे. पण जेथे नव्या साधनांत पूर्णांकच बत्तीस बिटांचा झाला होता, तेथे आमचा मुलगा वीस वर्षांपूर्वीच्या मर्यादेला ईश्वरी नियम समजून ती पाठ करीत होता.

'फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड' हा संदेश तर एका पिढीच्या स्मरणात कोरला गेला आहे. जागा वाचावी म्हणून हे साधन दशांश संख्या वाचण्याची यंत्रणा गरज दिसल्याशिवाय जोडीत नसे, आणि रचनांच्या रांगेतून दशांश संख्या वाचली तर ती गरज त्यास दिसत नसे. मग भाषांतर निर्विघ्न होई आणि चालविताना आज्ञावली मध्येच कोसळे. तोड काय, तर आज्ञावलीत कोठेतरी एक निरुपयोगी कार्य लिहावयाचे, त्यात एका दशांश संख्येला उगाच हात लावावयाचा, आणि त्यास कधीही बोलवावयाचे नाही. हा तोडगा ज्याला ठाऊक तो वर्गातला जॉबर. त्याच्याभोवती गर्दी. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलास हा इंग्रजी संदेश समजावून सांगण्याइतकी उसंत शिक्षकाला नसे, आणि संदेश समजला तरी त्यातून तोडगा निघत नसे, हेही तितकेच खरे.

विजेची कैफियत वेगळीच. महाराष्ट्रातील भारनियमनाच्या वर्षांत माग आणि संगणक एकाच क्षणी बंद पडत. भिवंडीचे वीजवितरण जानेवारी २००७ मध्ये महावितरणने टॉरेंट पॉवर या खाजगी कंपनीकडे सोपविले, देशातील अशा जातीची ती पहिली मोठी योजना. माग बंद पडला तर निदान कापड जागच्या जागी राहते आणि वीज आली की धोटा तेथूनच निघतो. पडद्यावरचे न साठविलेले अक्षर राहत नाही. या एका बाबतीत मागच अधिक स्थिरबुद्धी ठरतो.

शेवटी ६४ बिटांचे विंडोज आले आणि त्याने सोळा बिटांच्या आज्ञावली चालविण्यास साफ नकार दिला. आता तरी वहिवाट मोडावी! पण नाही. जुने खेळ चालविण्यासाठी कोणा हौशी मंडळींनी बनविलेले डॉसबॉक्स नावाचे एक खोटे यंत्र होते. त्याच्या पोटात टर्बो सी बसवून तयार पुडके फिरू लागले, आणि प्रयोगशाळांत नव्या चकचकीत संगणकावर एक चौकट, चौकटीत बनावट डॉस, आणि त्या डॉसात १९९० सालचा निळा पडदा अशी मांडणी झाली. माऊस त्या चौकटीत अडकला की कंट्रोल आणि एफ-टेन दाबून तो सोडवावा लागे. नव्याने येणाऱ्या मुलाने संगणकशास्त्रातील पहिला धडा गिरवावा तो हा. मोडीतल्या मागावर नवा रंग देऊन तो नव्या शेडमध्ये उभा करणाऱ्या कारखानदाराला निदान पैशाची अडचण असे. येथे फुकट आणि सुस्थितीतली साधने दारात उभी होती. अडचण वहीची होती.

अलीकडच्या साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा इतिहास अजून कच्चा आहे. आता कज्जा उलटा झाला. २०१४ च्या अखेरीस पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या अँड्रॉइड स्टुडिओसारख्या साधनात चूक लिहितानाच लाल रेघ उमटते, अनेक प्रकारच्या राखणी आहेत, ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पट्टी आहे. पण ते एवढे जड की आठ जीबी स्मृतीही त्यास तुटपुंजी पडते, आणि ज्या घरात एकच जुना लॅपटॉप दोन भावंडांत वाटलेला आहे तेथे ते उघडता उघडताच पंखा गरगरू लागतो. राखण आली, ती पेलणारे यंत्र आले नाही. पूर्वी यंत्र मिळे आणि राखण गळे. दोहोंतही साधन निवडणारा एक आणि त्यापुढे बसणारा दुसरा, ही व्यवस्था जशीच्या तशी आहे, आणि आमच्या मते सगळ्या त्राग्याचे मूळ तेथे आहे. यंत्राच्या वयात नाही. अस्थिर यंत्रासमोर टिफ्रॅकचे अभियंतेही बसले होते, पण ते त्यांनी स्वतः निवडले आणि बांधले होते.

जॉबरांची विद्या न लिहिताच लोपत चालली आहे. बिनधोट्याचे नवे माग येत आहेत आणि जुने कारखाने गोदामांना जागा करून देत आहेत. निळ्या पडद्याची विद्या मात्र लिहिलेली आहे, प्रात्यक्षिकाच्या लाखो वह्यांत, परीक्षकांच्या सह्यांसकट. शेलारपासून शहापूरपर्यंत ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या पडून असतील त्यांनी त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयात एकदा विचारावे; आणि ज्यांच्या घरी मागावर आयुष्य गेलेले कोणी वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून आवाजावरून कोणता बिघाड ओळखतात ते उतरवून घ्यावे, कारण ते दप्तर अजून कोणी ठेवलेले नाही.